दांडीवर ज्यांचा हात, त्यांना विचारणाऱ्या मिस्त्रीभाऊंस

आदरणीय मिस्त्रीभाऊ,
सप्रेम नमस्कार.

आमच्या गाडीचे ब्रेक दुरुस्त करून दिल्यावर, ‘माझे नाव आणि दुकानाचा पत्ता कोठे लिहू नका, गर्दी झाली की कामावरचे लक्ष उडते,’ असे तुम्ही आम्हाला निघताना बजावले होते. त्यामुळे हे पत्र नावाशिवायच लिहिते आहे. तुमच्याआधी ज्यांनी आमच्याकडून पैसे घेतले आणि गाडी अधिक बिघडवून परत केली, त्यांचीही नावे मी लिहीत नाही. मात्र त्यामागे त्यांच्याकडे गर्दी होईल ही भीती नाही.

आमची एटीव्ही, म्हणजे खडबडीत वाटांवर चालणारी जाड टायरांची चारचाकी, हौसेची नाही. काटोल तालुक्यातल्या आमच्या संत्र्याच्या बागेत फवारणीची टाकी आणि क्रेटांनी भरलेली छोटी ट्रॉली ओढण्यासाठी ती घेतली आहे, आणि ती चालवतात आमचे काकाजी, जे माझ्या सासऱ्यांच्या काळापासून ही बाग सांभाळत आले आहेत. बागेतून शेडकडे येणारी वाट उताराची आहे. मृग बहराची तोड चालू असते तेव्हा उन्हे तापू लागलेली असतात, मागून भरलेली ट्रॉली रेटत असते, आणि अशा वेळी ब्रेकची दांडी मुठीला टेकूनही गाडी थांबली नाही, तर पुढे नाला आहे. काकाजींनी हे मला पहिल्यांदा सांगितले तेव्हा त्यांच्या आवाजात भीतीपेक्षा संकोचच अधिक होता, जणू दोष त्यांच्या हाताचा असावा.

तो दोष त्यांच्याच हाताचा आहे, असे पहिल्या गॅरेजने त्यांना जवळजवळ पटवून दिले होते. तेथे ब्रेक ऑइलच्या डबीचे झाकण उघडून, फळीवर कधीपासून पडलेल्या उघड्या बाटलीतले तेल वरून ओतण्यात आले आणि काकाजींकडे न पाहता मला सांगण्यात आले, की तुमचा माणूस सतत ब्रेक दाबून गाडी चालवतो. दुसरे गॅरेज मोठे होते, काचेच्या केबिनचे. त्यांनी पुढच्या दोन्ही चाकांचे कॅलिपर, म्हणजे चाकाची चकती आवळून धरणारे ब्रेकचे भाग, खोलून साफ केले, भरभक्कम बिल हातात ठेवले, आणि दांडी आधीपेक्षा नरम झाली आहे अशी तक्रार केल्यावर उत्तर दिले, ‘मॅडम, या गाड्यांचे ब्रेक असेच असतात, तुम्हाला त्यातले कळणार नाही.’ पुढच्या वेळी डॉट ५ टाकून देऊ, आकडा मोठा म्हणजे तेल भारी, असेही त्यांनी सुचवले होते. ते वाक्य मी तुम्हाला सांगितले तेव्हा तुम्ही कपाळावर हात मारलात, हे मी पाहिले. डॉट हे ब्रेक ऑइलच्या प्रकाराचे नाव, आणि आमच्या गाडीच्या डबीच्या झाकणावरच डॉट ४ असे कोरलेले आहे. डॉट ५ हे सिलिकॉनचे तेल असून ते आमच्या तेलात मिसळतच नाही, आणि नावात थोडाच फरक असलेले डॉट ५.१ हे तर पुन्हा वेगळेच, हे तुम्ही मला दोन मिनिटांत समजावलेत. मला कळत नाही असे नव्हते; सांगणारे कोणी नव्हते.

परंतु आभार मानायचे आहेत ते याहून लहान गोष्टीचे.

ही गाडी रस्त्यावर चालवण्यासाठी नोंदलेली नाही, म्हणून आम्ही ती पिकअपमध्ये चढवून नागपुरात आणली होती. तुमच्या दुकानात बसायला एकच स्टूल होते. सवयीने लोक असे स्टूल गाडीच्या मालकाकडे, आणि मालक बाई असेल तर अधिकच अगत्याने, सरकवतात. तुम्ही ते फडक्याने पुसून काकाजींच्या पुढे ठेवलेत, स्वतः त्यांच्यासमोर उकिडवे बसलात आणि विचारलेत, ‘काकाजी, तुमीच सांगा जी, दांडी केव्हा खाली जाते?’

काकाजी क्षणभर माझ्याकडे पाहत राहिले, कारण इतक्या महिन्यांत हा प्रश्न त्यांना कोणी विचारलाच नव्हता. मग ते बोलू लागले, आणि जे बोलले ते मलाही नवे होते. पूर्वी सकाळी दांडी घट्ट असे. भरलेली ट्रॉली लागोपाठ उतरवल्यावरच, दुपारच्या सुमारास, ती खाली जाऊ लागे आणि गाडी तासभर सावलीत उभी केली की पुन्हा ठीक होई. काचेच्या केबिनच्या गॅरेजातून आल्यापासून मात्र ती भल्या सकाळीसुद्धा नरम लागते, आणि भराभर दोन-तीनदा दाबली तर थोडी वर येते. तुम्ही विचारलेत, ‘दाबून धरली तर हळूहळू बुडते काय?’ काकाजी म्हणाले, ‘नाही जी, तिथंच राहाते.’ त्यावर तुम्ही मान डोलावलीत आणि एकही पाना हातात न घेता सांगितलेत, की हे दोन वेगळे रोग आहेत आणि दांडीपाशी तेलाला दाब देणारा मास्टर सिलिंडर शाबूत आहे.

त्यानंतरचे काम तुमच्या हाताला नवे नव्हते आणि त्याचे वर्णन करण्याची पात्रता माझ्यात नाही. मात्र जे समजले ते येथे लिहिते, कारण इतर बागायतदारांच्याही उपयोगी पडेल. पहिला रोग जुन्या तेलाचा होता. ब्रेकचे हे तेल हवेतली ओल शोषून घेते, आणि आमची गाडी दोन पावसाळे उघड्या शेडमध्ये काढून आलेली होती. डॉट ४ तेल नवे असताना त्याचा उत्कलनांक किमान २३० अंश सेल्सिअस असावा लागतो, त्यात ३.७ टक्के पाणी मुरले असता मानक किमान १५५ अंशांचीच हमी मागते. उतारावर ब्रेक तापले की अशा तेलाची वाफ होते, वाफ दाबली जाते, आणि दांडी मुठीपर्यंत येऊनही चाकापर्यंत जोर पोहोचत नाही. गाडी निवली की वाफेचे पुन्हा पाणी होते, म्हणून गॅरेजमध्ये आणून पाहणाऱ्याला सारे ठीकच दिसते आणि चालवणारा खोटा ठरतो. काकाजी याच पद्धतीने खोटे ठरले होते.

दुसरा रोग बिलासकट विकत मिळालेला होता. कॅलिपर साफ करून बसवताना त्या मोठ्या गॅरेजने डावा उजवीकडे आणि उजवा डावीकडे लावला होता, त्यामुळे हवा काढण्याचे निप्पल वरच्या बाजूला असायला हवे होते ते खालच्या बाजूला गेले होते. कॅलिपर खोलले की तेलात हवा शिरते आणि ती वर चढते; निप्पल खाली असल्यावर दिवसभर दांडी मारली तरी वरची हवा निघणार कोठून? तुम्ही चाकापाशी वाकून फक्त पाहिलेत आणि हसलात. ते हसू कोणाची टवाळी करणारे नव्हते, त्या गॅरेजचीही नव्हते, हे मला विशेष आवडले, जरी तेवढे औदार्य माझ्या अंगी अजून आलेले नाही.

हवा काढताना दांडी दाबण्याचे काम तुम्ही तुमच्या पोऱ्याला दिले नाहीत. ‘गाडी तुमाले चालवाची आहे, तर दांडी तुमच्याच हाताले कळू द्या,’ असे म्हणून काकाजींना बसवलेत आणि ‘दाबा’, ‘धरा’, ‘सोडा’ असे शांतपणे सांगत राहिलात. सीलबंद डबा त्यांच्यासमोरच उघडलात. पारदर्शक नळीतून आधी चहासारखे काळपट तेल, मग बुडबुडे, मग स्वच्छ तेल येताना त्यांनी पाहिले, आणि दांडी हळूहळू घट्ट होत गेली तशी त्यांची मान ताठ होत गेली. तेलाचा एक थेंब मडगार्डवर पडला तेव्हा रंग जाईल म्हणून तुम्ही हातातले काम थांबवून आधी त्यावर पाणी ओतलेत. उरलेले तेल मी सोबत मागितले, तर उघडलेला डबा ठेवून पुढे वापरू नये, म्हणून तुम्ही ते दिले नाहीत. त्याचे पैसे लावले होते, तरी नाही दिलेत. अशा नकारावर विश्वास बसतो.

ज्ञान असलेली माणसे मला आयुष्यात पुष्कळ भेटली. समोरच्या गरीब, वयस्कर, कमी बोलणाऱ्या माणसालाही काही ठाऊक असेल असे गृहीत धरणारी मात्र फार थोडी भेटली, आणि दवाखाने, बँका, कचेऱ्या यांत तर असे कोणी भेटले की दिवसभर ते मनात राहते. तुमचा तो प्रश्न सौजन्याचा होता, पण तो नुसता सौजन्याचा नव्हता. गाडीचे निदान त्याच प्रश्नातून झाले. आधीच्या दोघांनी काकाजींना तेवढेच विचारले असते, तर पहिल्याने वरून तेल ओतले नसते आणि दुसऱ्याला तक्रारीनंतर कॅलिपरकडे पुन्हा पाहावेसे वाटले असते.

डबीजवळ तुम्ही तेल बदलल्याचा महिना लिहून चिकटवलेली पट्टी काकाजींनी मला वाचायला लावली. दोन वर्षांनी पुन्हा बदलायचे आहे, हे आता तेच मला ऐकवतात. त्या वेळी मी येणार नाही, गाडीसोबत त्यांनाच पाठवीन. काय दुखते ते तेच सांगतील आणि पैशांचेही त्यांच्याशीच ठरवावे. आंबिया बहराची तोड सुरू झाली की संत्र्यांचा एक क्रेट तुमच्याकडे येईल. तो परत पाठवू नका, कारण पाठवणारी मी नाही, काकाजी आहेत, आणि फळे निवडण्याच्या कामात ते कोणाचे ऐकत नाहीत.

आपली कृतज्ञ,
एक संत्रा बागायतदार, नागपूर