‘इन्व्हिजिबल’ नव्हे, ‘इन्व्हिन्सिबल’!

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीतला मायकेल जॅक्सनवरचा लेख काल वाचला. काल सोमवार होता. रविवारची पुरवणी आम्हाला सोमवारी मिळते, पण ते दुखणं शेवटी सांगतो.

लेखकमहाशयांनी पाऊण पान घेतलंय. १ नोव्हेंबर १९९६ ला अंधेरीच्या क्रीडा संकुलात ते कुठं उभे होते, पुढच्या माणसाच्या डोक्यामुळे किती दिसलं आणि किती नाही, परत जाताना रिक्षा कशी मिळाली नाही, सगळं आलंय. वाचून आनंद झाला. मुंबईकरानं मायकेलवर लिहायचं म्हणजे त्या रात्रीवर लिहायचं, हा आता रिवाजच झालाय. आमच्याकडे तो काही आला नाही. आमच्याकडे त्याची कॅसेट आली, तीही सांगून मागवावी लागली. म्हणून आम्ही गाणी ऐकली, रिक्षा शोधत बसलो नाही.

तर २००१ च्या अल्बमच्या वाट्याला त्या पाऊण पानात किती ओळी आल्या? दीड. नाव ‘इन्व्हिजिबल’ छापलंय. एकदा मजकुरात आणि एकदा फोटोखाली, त्यामुळे मुद्राराक्षसावर ढकलायचीही सोय ठेवलेली नाही. अहो, अल्बमचं नाव ‘इन्व्हिन्सिबल’ आहे. अजिंक्य आणि अदृश्य यात फरक असतो. शिवाय फोटो १९८७ च्या ‘बॅड’च्या वेळचा, बकलांच्या काळ्या जाकिटातला. आणि वर शेरा काय, तर ‘सपशेल आपटलेला अल्बम’.

हा आपटलेला अल्बम अमेरिकेत पहिल्याच आठवड्यात पहिल्या नंबरावर होता. असं आपटायला आमची ना नाही. ‘थ्रिलर’इतका खपला नाही, कबूल. पण १९८२ च्या ‘थ्रिलर’इतकं जगात दुसरं काय खपलंय? आम्ही लातूर पॅटर्नमधून निघालेली पोरं आहोत. थोरला बोर्डात आला की धाकट्याला ८५ टक्के पडले तरी घरात सुतक असतं, हे आम्हाला शिकवू नका.

मी तेव्हा बारावीला होतो, लातूरला खोली करून राहत होतो. अल्बम ३० ऑक्टोबरला बाहेर आला आणि १४ नोव्हेंबरला दिवाळी होती. गंजगोलाईतल्या एका दुकानदाराला मी आधीच सांगून ठेवलं होतं, त्यानं पुण्याहून एक कॅसेट मागवली. सव्वाशे रुपये घेतले. फराळाला घरी जाण्याआधी मेसचे पैसे चुकते करायचे होते, त्यातलेच ते. कॅसेट लावली आणि खरं सांगतो, तोंड उतरलं. ‘अनब्रेकेबल’, ‘हार्टब्रेकर’, ‘इन्व्हिन्सिबल’. तिन्ही गाणी एका साच्यातली, पत्र्याच्या शेडवर कुणी ठोकाठोक करतंय तशी. रॉडनी जर्किन्स हा त्या वेळचा चलतीतला निर्माता, त्याचा तो कारखाना. पहिल्या गाण्यात तर १९९७ सालीच वारलेल्या नोटोरियस बीआयजीचा रॅप आणून जोडलेला. तिन्ही मिळून सोळा-सतरा मिनिटं. तेवढी ऐकून माणूस कंटाळतो आणि ‘आपटला’ म्हणून मोकळा होतो. मीही झालो होतो. लेखकमहाशय अजून तिथंच आहेत, एवढंच माझं म्हणणं.

माझी सुटका मामांनी केली. दिवाळीत मी कॅसेट आणि टेप मामांच्या घरी विसरून आलो. त्यांच्या गावात सप्ताह बसला होता. काल्याच्या कीर्तनाचा भोंगा मामांच्या दाराकडेच तोंड करून. मामांना वाटलं, कीर्तन भरून ठेवावं. विकतच्या कॅसेटवर काही भरता येऊ नये म्हणून पाठीमागच्या खाचा उघड्याच असतात, हे त्यांना कुणीतरी सांगितलेलं. त्यांनी खाचेत कागदाचा बोळा कोंबला, टेप उंबऱ्यात ठेवला आणि लाल बटण दाबलं. सोळा-सतरा मिनिटांनी लाईट गेली. गावात लाईट गेली की कधी येईल ते महावितरणलाही ठाऊक नसायचं (तेव्हाचं मंडळच म्हणा). मामांनी कॅसेट काढून ठेवली.

पंधरा दिवसांनी मी गेलो, लावली, तर टाळ-मृदंग. मला रडू यायचं बाकी होतं. मामा म्हणाले, ‘‘लेकरा, म्या म्हणलं निस्तं धाडधाड वाजतंय, रिकामीच हाय. बुवाचं ऐक की, काय गोड सांगितलंय!’’ मी तसाच बसून राहिलो. बुवा गोपाळांना गोळा करून दहीहंडीपर्यंत आले, वर हात गेला, आणि खट्‌. तिथून ‘ब्रेक ऑफ डॉन’ सुरू झालं.

संपादक महोदय, ते गाणं मी आधी दहा वेळा ऐकलं होतं, पण तीन हातोड्यांनंतर. त्या दिवशी मृदंग थांबला आणि त्या शांततेत ते आलं, अगदी हलक्या पावलानं. पुढे ‘हेवन कॅन वेट’, ‘यू रॉक माय वर्ल्ड’. मग ‘बटरफ्लाईज’. त्यात हा माणूस आवाज वर नेतो आणि तिथं नुसता टेकवून ठेवतो, धक्का न लावता. मग ‘स्पीचलेस’, सुरुवातीला आणि शेवटी एकही वाद्य नाही, नुसता गळा. खोलीवर माझे सेल उतरले की हेच गाणं जड होत होत तळाला जायचं, आणि वाद्यं नसल्यामुळे कळायचंच नाही की गाणं संपतंय की सेल.

दुसऱ्या बाजूला भरतीही आहे, लपवत नाही. ‘द लॉस्ट चिल्ड्रन’ म्हणजे पाकातून काढलेला चिरोटा पुन्हा पाकात. पण त्याच्या पुढचं ‘व्हॉटेव्हर हॅपन्स’ लेखकानं ऐकलंय का, एवढं विचारून कळवा. कार्लोस सान्तानाची गिटार, मध्ये शीळ, आणि अडचणीत सापडलेल्या एका जोडप्याची गोष्ट, तीही तिऱ्हाइताच्या तोंडून सांगितलेली. मायकेलचं असं गाणं मला दुसरं सापडलेलं नाही. सोळापैकी पंधराव्या नंबरावर ठेवलंय. पंक्तीत पुरणपोळी शेवटच्या माणसापर्यंत पोचू नये असा बंदोबस्त.

लोकांपर्यंत का पोचलं नाही, याचं कारण लेखात यायला हवं होतं. मायकेल आणि सोनी कंपनीचं फाटलं होतं. जगाचा दौरा झाला नाही. ‘बटरफ्लाईज’ला व्हिडिओच नाही, तरी रेडिओवर वाजून वाजून ते अमेरिकेत चौदाव्या नंबरापर्यंत गेलं. ‘क्राय’ला व्हिडिओ आहे, पण त्यात मायकेलच नाही, लोक हातात हात धरून उभे! जुलै २००२ मध्ये तो न्यूयॉर्कमध्ये कंपनीविरुद्ध उघड बोलला, कंपनीच्या बड्या साहेबाचं नाव घेऊन. म्हणजे एका अर्थी ‘इन्व्हिजिबल’ हे आपलं नाव बरोबरच बसतं, फक्त ते चुकून बरोबर आलंय.

आता मोबाईलवर सोळाही गाणी आहेत. पहिली तीन मी परत ऐकून पाहिली, न्याय म्हणून. ‘अनब्रेकेबल’ वाटलं होतं तेवढं वाईट नाही. पण चौथ्याच्या आधी मला अजूनही टाळ ऐकू येतात, त्याला इलाज नाही. मामा आता थकलेत. मध्यंतरी ती कॅसेट त्यांना ऐकवली, तर त्यांची तक्रार उलटीच: ‘‘बुवा हंडीला हात लावायला अन्‌ तुझ्या त्या बाबानं मधीच तोंड घालायला एकच गाठ.’’ राहिलेलं कीर्तन कुणाकडे भरलेलं आहे का, ते मी अजून शोधतोय.

आता पुरवणी. औशाला रविवारचा अंक रविवारी येतो आणि पुरवणी सोमवारी, कधीकधी येतच नाही. पैसे मात्र पुरवणीसकट. वाटणारा पोरगा म्हणतो वरूनच येत नाही, वर फोन केला की पोरानं टाकली नसेल म्हणतात. गेल्या खेपेच्या शब्दकोड्याचं उत्तर याच पुरवणीत येणार होतं. ते नाही. त्या जागी बकलांचं जाकीट आहे. आडवे सात, पाच अक्षरी, ‘पराभूत न होणारा’, एवढं तरी कळवावं. मला चारच अक्षरं सुचतायत.

कळावे,
आपला एक जुना वाचक,
औसा, जि. लातूर