२९ ऑगस्ट : आल्फ्रेड फॅगन स्मृतिदिन

सर्व सदस्यांना नमस्कार.

येत्या २९ ऑगस्टला सायंकाळी ५ वाजता ब्रिस्टलच्या सेंट पॉल्स भागात आल्फ्रेड फॅगन यांच्या पुतळ्यापाशी जमायचे आहे. १९३७ साली जमैकात जन्मलेले फॅगन १९५५ मध्ये इंग्लंडला आले. रेल्वेत राबले, लष्करात गेले, वेल्डिंग केले. आणि कविता, नाटके लिहिली. १९८६ मध्ये लंडनला ते घराजवळ कोसळले. ओळख पटली नाही असे म्हणत पोलिसांनी त्यांचे अंत्यसंस्कार बेवारस म्हणून उरकले. हे वाचल्यापासून मला चैन नाही. म्हणून त्या दिवशी त्यांचे नाव आपण मोठ्याने घेऊ.

परमुलखात हाताने कष्ट केलेल्या आपल्या वडिलांवर किंवा आजोबांवर चार ओळी प्रत्येकाने लिहून आणाव्यात. फुले मी आणते. पाऊस असला तरी यावे.