नाना, तुमच्या वहीतल्या त्या तारखेसाठी

आदरणीय नाना,

सप्रेम नमस्कार. परवा यांचा एमआरआय झाला. नवा डाग एकही नाही. तुमच्या औषधांच्या दुकानात समोर उभी राहिले की डोळे भरून येतात, बोलणं राहून जातं, म्हणून हे पत्र.

मेंदूतल्या रक्तवाहिन्यांना सूज येते, हे आम्ही कधी ऐकलंच नव्हतं. महिनाभर डोकं दुखत होतं, आणि एक दिवस केळीला पाणी देऊन आले ते डावा हात लुळा घेऊनच. सगळे लकवा म्हणाले. नाशिकला अँजिओग्राफीत बारीक नसा जागोजागी आकसलेल्या दिसल्या. मग सूज दाबायला महिन्याला एक अशी सायक्लोफॉस्फामाइड या औषधाची सहा सलाईनं आणि रोज 60 मिलिग्रॅम प्रेडनिसोलोन, म्हणजे स्टिरॉइडच्या गोळ्या.

ते सहा महिने निघाले. खरी परीक्षा पुढे होती. चेहरा सुजून गोल, साखर वाढलेली, रात्रभर झोप नाही. कानबाईच्या सणाला, रोटांच्या जेवणाला आलेले पाहुणे म्हणाले, माणूस बरा दिसतो, आता कशाला इतक्या गोळ्या? यांनी त्या बंद केल्या. मलाही सांगितलं नाही.

पण गोळ्या संपायची तारीख तुमच्या वहीत होती. ती उलटून चार दिवस झाले तसे दुकान पोरावर सोडून तुम्ही घरी आलात. हे खाटेवर, उलट्या चाललेल्या, अंगात त्राण नाही. "गोयी अशी एकदम बंद करानी नही, भाऊ!" इतके महिने बाहेरून मिळालं की शरीर स्वतःचं स्टिरॉइड बनवणं थांबवतं, हे तिथेच उभ्या उभ्या समजावलंत, डॉक्टरांना फोन लावून दिलात. त्याच रात्री जळगावला दाखल केलं, म्हणून निभावलं.

त्यानंतर डोस उतरत गेला, तसे अर्ध्या गोळ्यांचे तुकडे तुम्ही कागदी पुड्यांत बांधून दिलेत, प्रत्येकीवर निळ्या पेनाने वार. सूज परत येऊ नये म्हणूनची अझाथायोप्रिनची गोळी देण्याआधी दर वेळी, कारण तिने रक्तातल्या पांढऱ्या पेशी कमी होऊ शकतात, "ताई, रक्ताचा रिपोर्ट दाखव." एकदा मी चिडले होते, माफ करा. पुढच्याच रिपोर्टात पांढऱ्या पेशी 2,900 पर्यंत घसरल्या आणि डॉक्टरांनी डोस निम्मा केला.

अझाथायोप्रिन अजून चालू राहील. वहीत पुढची तारीख लिहून ठेवा. रविवारी भरीत आणि कळण्याची भाकरी घेऊन येते. भाजलेल्या वांग्यांची सालं आता हेच काढतात, डाव्या हाताने.

तुमची,
केळीवाल्यांच्या घरची ताई