चाचणीची नोंद सक्तीची, मग निकालाची का नाही?

प्रति,
मा. महासंचालक, भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषद (आयसीएमआर)
तथा सचिव, आरोग्य संशोधन विभाग, नवी दिल्ली

स. न. वि. वि.

माणसांवरच्या औषधचाचण्या सीटीआरआय या राष्ट्रीय रजिस्ट्रीत नोंदवण्याची सक्ती २००९ पासून आहे. १ एप्रिल २०१८ पासून तर पहिला रुग्ण घेतल्यानंतर आलेली नोंदणी रजिस्ट्री स्वीकारतच नाही. नियम चांगला आहे, पण अर्धाच. चाचणी संपल्यावर त्याच पानावर निकाल भरण्याची सक्ती नाही. फायदा दिसला तर पेपर छापून येतो, दिसला नाही तर फाइल कपाटात जाते.

याचा परिणाम किती होतो, हे नैराश्यावरच्या औषधांबाबत मोजून झाले आहे. अमेरिकेच्या एफडीएकडे (औषधांना मंजुरी देणाऱ्या सरकारी संस्थेकडे) १२ औषधांच्या ७४ चाचण्यांची कागदपत्रे होती. संशोधक एरिक टर्नर आणि सहकाऱ्यांनी ती छापील पेपरांशी ताडून २००८ मध्ये निष्कर्ष मांडले. एफडीएच्या मते ३८ चाचण्यांत औषध उपयोगी ठरले होते आणि त्यांतल्या ३७ छापल्या गेल्या. उरलेल्या ३६ पैकी २२ छापल्याच नाहीत, ११ फायदा झाल्यासारख्या रंगवून छापल्या आणि फक्त ३ जशा होत्या तशा आल्या. जर्नल वाचणाऱ्या डॉक्टरला ५१ पैकी ४८ चाचण्या यशस्वी दिसत होत्या. प्रत्यक्षात यश जेमतेम निम्म्यांत होते.

रंगवून छापणे फारसे अवघडही नसते. नोंदणीत प्रायमरी आउटकम (औषधाचा परिणाम ज्यावरून ठरवायचा ते मुख्य मोजमाप) एक लिहायचा आणि पेपरमध्ये दुसराच पुढे करायचा. निरुपयोगी औषधाच्या २० वेगवेगळ्या, परस्परांशी संबंध नसलेल्या मोजमापांपैकी निदान एकात पी-व्हॅल्यू (औषध निरुपयोगी असतानाही एवढा फरक योगायोगाने दिसण्याची शक्यता) ०.०५ च्या खाली जाण्याची, म्हणजे औषध यशस्वी भासण्याची, शक्यता ६४ टक्के असते. तेवढेच एक छापले की काम झाले.

आपल्याकडे एमडी-एमएसच्या थीसिसचा प्रश्न वेगळा आहे. नाशिकच्या आरोग्य विद्यापीठाचे घ्या किंवा दुसऱ्या कुठल्याही, प्रत्येक गटात तीसेक रुग्ण घेतलेल्या चाचणीला ०.७ स्टँडर्ड डेव्हिएशनपेक्षा (रुग्णारुग्णांतल्या चढउताराच्या मापापेक्षा) लहान फरक बहुधा सापडत नाही. मग ‘फरक नाही’ असे लिहून थीसिस ग्रंथालयात जातो. एकटा तो फारसा कामाचा नाही, हे खरे. पण एकाच उपचाराचे असे पंधरा थीसिस मेटा-ॲनालिसिसमध्ये (अनेक अभ्यासांच्या आकड्यांच्या एकत्रित विश्लेषणात) एकत्र आले तर उत्तर मिळू शकते. त्यासाठी आकडे मात्र कुठेतरी दिसले पाहिजेत.

२०१७ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या संयुक्त निवेदनावर आयसीएमआरनेही सही केली आहे. चाचणी पूर्ण झाल्यावर १२ महिन्यांच्या आत निकालाचा सारांश रजिस्ट्रीवर, असे त्यात म्हटले आहे. अमेरिकेत हीच मुदत कायद्यात आहे आणि ती चुकवणाऱ्याला दंडही आहे.

आपल्याला त्यासाठी नवा कायदा लागणार नाही. २०१९ च्या नियमांनुसार औषधचाचण्यांव्यतिरिक्तच्या वैद्यकीय संशोधनाला मंजुरी देणाऱ्या एथिक्स कमिट्यांची (रुग्णांचे हित जपले जाते ना, हे तपासणाऱ्या समित्यांची) नोंदणी आपल्याच विभागाकडे होते आणि तिचे नूतनीकरणही तिथेच होते. नूतनीकरणाच्या अर्जासोबत कमिटीने मंजूर केलेल्या चाचण्यांचे सीटीआरआय क्रमांक आणि प्रत्येकीच्या निकालाची तारीख मागा. जागा रिकामी असेल, तर त्या संशोधकाचा पुढचा प्रस्ताव कमिटीने घेऊ नये. कंपन्यांच्या चाचण्यांचा सहामाही अहवाल औषध नियंत्रकांकडे जातोच, मुदतीआधी बंद केलेल्या चाचणीची कारणेही जातात. ती रजिस्ट्रीच्या पानावर दिसावीत, एवढेच.

फॉर्म लांबलचक नको. प्रत्येक गटात किती रुग्ण घेतले, किती शेवटपर्यंत राहिले आणि बाकीचे का गळाले. नोंदवलेल्या प्रायमरी आउटकमचा आकडा कॉन्फिडन्स इंटरव्हलसह (खरा आकडा कोणत्या मर्यादांत असावा, त्या अंदाजासह). गंभीर दुष्परिणाम गटवार. आउटकम बदलला असेल तर तारीख आणि कारण. शेवटच्या रुग्णाचे मोजमाप झाल्यावर नवव्या महिन्यात रजिस्ट्रीकडून आपोआप ईमेल जावा. मुदत उलटली की पानावर ‘निकाल थकीत’ असे ठळक दिसावे.

‘आधी रजिस्ट्रीवर टाकले तर जर्नल पेपर घेणार नाही’ ही सबब वारंवार पुढे येईल. ती खरी नाही. वैद्यकीय संपादकांच्या आंतरराष्ट्रीय समितीच्या नियमांनुसार रजिस्ट्रीवरचा थोडक्यातला सारांश किंवा तक्ते हे पूर्वप्रकाशन धरले जात नाही.

सुरुवात आयसीएमआरच्या स्वतःच्या निधीतून झालेल्या चाचण्यांपासून व्हावी: कोणत्या संपल्या, कधी संपल्या, निकाल कुठे आहे, अशी यादी आपल्या संकेतस्थळावर टाकावी.

आपले,
वैद्यकीय संख्याशास्त्र व संशोधनपद्धती शिकवणारे काही जण