चॅप्टर केसच्या नोटिशीत हकीकत लिहा

महोदय,

सण किंवा निवडणूक जवळ आली की ‘चॅप्टर केस’च्या, म्हणजे शांतता भंगू नये म्हणून आधीच करायच्या कारवाईच्या, नोटिशी निघू लागतात. यंदा एक माझ्या धाकट्या भावाला आली. बांध कोरण्यावरून शेजाऱ्याशी बोलाचाली झाली होती, अंगाला हात कोणी लावला नव्हता. दोघांच्या तक्रारींची अदखलपात्र नोंद झाली. नोटिशीत छापील वाक्य होते, ‘आपणाकडून सार्वजनिक शांततेचा भंग होण्याची शक्यता आहे.’ कधी, कुठे, काय घडले, याबद्दल अवाक्षर नाही. शेजाऱ्याला आलेली नोटीस नाव सोडले तर हुबेहूब तशीच. दंडाधिकाऱ्यांसमोर पहिल्याच तारखेला दोघांकडून बंधपत्र, म्हणजे शांतता राखण्याची लेखी हमी, लिहून घेतले. जामीनदार दोघांनी आपापले शोधून आणायचे.

तरतूद वाईट नाही. डोकी फुटण्याआधी भांडण थांबावे म्हणून पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेत कलम १०७ होते, १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत ते कलम १२६ झाले. बंधपत्राची मुदत जास्तीत जास्त एक वर्ष. पण हा माणूस कुठल्याही गुन्ह्यात दोषी ठरलेला नसतो, म्हणूनच कायद्याने दंडाधिकाऱ्यांचे हात बांधले आहेत. कलम १३० प्रमाणे मिळालेल्या माहितीचा सारांश लेखी आदेशात द्यावाच लागतो. हजर झालेल्याला तो आदेश वाचून दाखवायचा, मग माहिती खरी की खोटी याची चौकशी करायची. अंतरिम बंधपत्र मागता येते ते चौकशी सुरू झाल्यावर, तेही तातडीची गरज असेल तर आणि कारणे लिहून. मधु लिमये खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायमूर्तींनी १९७० मध्येच हे बजावले आहे. बंधपत्राची रक्कम अवाजवी नसावी, असेही कायदा सांगतो.

आमच्याकडे चौकशी म्हणजे नुसत्या तारखा. साक्षीदार नाही, जबाब नाही. सहा महिन्यांत चौकशी संपली नाही आणि मुदत वाढवण्याची खास कारणे लिहिली नाहीत, तर प्रकरण आपोआप संपते, हे तिथे बसलेल्यांपैकी कोणाला ठाऊक नव्हते. सांगणारेही कोणी नव्हते. हातावर पोट असलेली माणसे रोजगार बुडवून येतात आणि अंगठा देऊन सुटका करून घेतात. उद्या खरोखर कुरापत काढणारा आला, तरी त्याच्या हाती हाच गुळगुळीत कागद पडणार. त्याला कसला धाक वाटेल?

जिल्हाधिकाऱ्यांना विनंती आहे, नोटिशीच्या नमुन्यात घटनेची तारीख, ठिकाण आणि हकीकत यांचे रकाने ठेवावेत. ते कोरे असतील तर दंडाधिकाऱ्यांनी सही न करता कागद पोलीस ठाण्याला परत पाठवावा.

– एक निवृत्त शिक्षक