बाळंतिणीच्या मनाचीही तपासणी व्हावी

मा. संपादक,
स. न.

सुरी दिसली की बाळाविषयी नको तो विचार मनात येतो, म्हणून बाळंतीण स्वयंपाकघरात पाऊल टाकत नाही. हात धुऊन धुऊन कातडी सोलते, तरी बाळाला घ्यायची भीती वाटते. प्रसूती विभागात परिचारिका असताना अशा मुली मी पाहिल्या. घरचे म्हणत, बाहेरचं काहीतरी झालं, अंगारा लावा. कोणी म्हणे, ही आई म्हणायची की वैरीण! त्या पोरी लाजेने तो विचार कोणाला सांगत नसत.

हा ओसीडी, म्हणजे मंत्रचळ असू शकतो. कपाळामागचा मेंदूचा भाग, आत खोल असलेला कॉडेट आणि थॅलॅमस यांची साखळी यात वाजवीपेक्षा जास्त सक्रिय असते. त्यामुळे हात स्वच्छ झाले तरी ‘काहीतरी राहिलंय’ हे वाटणं थांबत नाही. सेरोटोनिन या रसायनाचाही यात वाटा आहे. प्रसूतीनंतर काही दिवसांतच इस्ट्रोजेन, प्रोजेस्टेरॉन ही संप्रेरकं झपाट्याने उतरतात आणि त्यांचा सेरोटोनिनशी संबंध आहे. आनुवंशिकता, ताण, जागरणं हीही कारणं असतात. सगळा दोष संप्रेरकांवर टाकता येणार नाही. पण बाळंतपणानंतर हा आजार सुरू होऊ शकतो किंवा बळावू शकतो, हे नक्की. असे विचार येणारी आई त्यांनाच घाबरलेली असते, ती ते करायला निघालेली नसते. भ्रम-भास होऊ लागले तर मात्र तो वेगळा आजार. तेव्हा लगेच दवाखाना गाठावा.

औषध म्हणजे ‘डोक्याच्या गोळ्या’ असं समजणाऱ्यांसाठी सांगते. 1992 मध्ये अमेरिकेतल्या एका अभ्यासात फ्लूऑक्सेटिन या औषधाने बरं वाटलेल्या आणि केवळ वर्तनोपचाराने बरं वाटलेल्या, अशा दोन्ही रुग्णांत कॉडेटची वाढलेली सक्रियता कमी झालेली दिसली. गोळ्यांचा गुण यायला दोन-तीन महिने लागू शकतात; मधेच सोडू नयेत. अंगावर पाजणाऱ्या आईलाही डॉक्टर योग्य औषध देऊ शकतात.

नागपुरातल्या डागा, मेडिकल, मेयो या सरकारी रुग्णालयांत बाळाच्या दीड महिन्याच्या लसीला आई येतेच. तेव्हा तिला बाजूला घेऊन विचारावं: नको ते विचार पुन्हा पुन्हा येतात का? हात धुणं, तपासणं थांबवता येत नाही का? ‘हो’ म्हणाली तर त्याच दिवशी मानसोपचार विभागात पाठवावं. फोनवरून मानसिक आजारांबाबत मदत देणारी शासनाची टेली-मानस सेवा 14416 या क्रमांकावर मोफत आहे. तो लसीकरण कार्डावर छापावा, ही महापालिकेला विनंती.

— एक निवृत्त परिचारिका, महाल, नागपूर