पुसायची तारीख आधी लिहा: एका वकीलताईंना आभारपत्र

आदरणीय वकीलताई,

सप्रेम नमस्कार.

या पत्रात तुमचं नाव घातलेलं नाही. जी माहिती लागत नाही ती मागू नये आणि छापू तर मुळीच नये, असं तुम्ही सांगत आलात. आभार मानायला नाव लागत नाही.

पुण्यातल्या काही गृहनिर्माण संस्थांचे सचिव, खजिनदार आणि ऑफिस सांभाळणारी मंडळी मिळून हे पत्र लिहीत आहोत. कारण लोकांची वैयक्तिक माहिती कशी जपावी याबद्दलच्या तुमच्या शनिवारच्या विनामूल्य सल्ल्याचा फायदा थेट आमच्या गेटवर, कपाटात आणि कॉम्प्युटरवर दिसतो.

तुमचं पोटापाण्याचं काम वेगळंच. हिंजवडी आणि खराडीतल्या कंपन्या युरोपातल्या ग्राहकांची माहिती हाताळतात, त्यांचे करार तुम्ही करता. २५ मे २०१८ला जीडीपीआर, म्हणजे युरोपीय संघाचा वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा, लागू झाला. १६ जुलै २०२०ला युरोपीय न्यायालयाने युरोपातली माहिती अमेरिकेत पाठवण्याची ‘प्रायव्हसी शील्ड’ व्यवस्था रद्द केली. त्याच निकालाने मानक करारकलमं, म्हणजे माहिती युरोपाबाहेर पाठवतानाच्या करारातली ठरावीक कलमं, कायम ठेवली, पण माहिती ज्या देशात जाते तिथे ती खरंच सुरक्षित राहील का, हे तपासण्याची जबाबदारी करार करणाऱ्यांवर टाकली, आणि ती झळ पुण्यापर्यंत आली. जून २०२१मध्ये नवी कलमं आली आणि जुने करार २७ डिसेंबर २०२२पर्यंत बदलायचे होते. आठवडाभर असल्या कामात बुडालेली व्यक्ती शनिवारी सकाळी वॉचमनच्या वहीचे रकाने तितक्याच बारकाईने तपासते, याचं मोल आम्ही जाणतो.

सगळ्यात मोठे आभार त्या एका पानाच्या सूचनेसाठी. व्हिजिटर ॲप घेताना बहुतेक संस्था कंपनीकडून आलेला मजकूर तसाच चिकटवतात: ‘आपली माहिती विविध सेवांकरिता वापरली जाऊ शकते.’ तुम्ही ‘विविध सेवा’ या दोन शब्दांवर लाल रेघ मारलीत आणि समोर तीन रकाने आखलेत: काय घेतो, कशासाठी, कधी पुसतो. पहिली ओळ अशी होती: ‘मोबाईल नंबर. पाहुणा आल्यावर घरी विचारण्यासाठी.’ तिसरा रकाना भरता येत नसेल तर पहिला भरूच नका, असा तुमचा दंडक. त्या दंडकाने कितीतरी रकाने आपोआप गळाले. जन्मतारीख, नोकरीचं ठिकाण, रक्तगट, पाहुण्याचा फोटो यांचं कारण विचारल्यावर कुणालाच सांगता येईना.

२०२३च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात संमतीची विनंती इंग्रजीत किंवा आठव्या अनुसूचीतल्या २२ भाषांपैकी कोणत्याही भाषेत वाचण्याची सोय द्यावी लागते. या तरतुदीकडे फारसं कुणी पाहत नाही. तुम्ही मात्र मराठीबरोबर हिंदी आणि कन्नड नमुनाही करून दिलात, कारण घरकाम करणाऱ्या अनेक बाया कलबुर्गीकडच्या आहेत आणि माहिती त्यांचीही घेतली जाते.

शब्दांचंही तसंच. माहिती का आणि कशी वापरायची हे ठरवणाऱ्याला कायदा ‘डेटा फिड्युशरी’ म्हणतो, त्यासाठी तुम्ही ‘माहिती सांभाळणारा’ म्हणता. ‘मालक’ म्हणणाऱ्याला लगेच थांबवता. सभासदाच्या माहितीची संस्था मालक नाही, ती फक्त सांभाळते. हा एक शब्द बदलला तरी कमिटीच्या बैठकीतलं बोलणं बदलतं.

कायदा कुठवर लागू आहे हे तुम्ही ज्या सोपेपणाने सांगता, तसं आम्ही इतरत्र ऐकलेलं नाही. कागदी वहीतली नोंद या कायद्याच्या कक्षेबाहेर. त्याच पानाचा मोबाईलवर फोटो काढून ग्रुपवर टाकला की ती कायद्याच्या आत. जुन्या फायली स्कॅन करण्याचं खूळ कमिट्यांना लागतं तेव्हा आधी कपाट निवडून घ्या, नको ते काढा आणि मगच स्कॅनर लावा, हा तुमचा सल्ला म्हणूनच महत्त्वाचा.

संमतीबाबत तुमचं एक मत सुरुवातीला उलटं वाटतं. सभासद-नोंदवहीसाठी संमतीचा फॉर्म भरून घेऊ नका, असं तुम्ही सांगता. ही नोंदवही सहकार कायद्याने ठेवावीच लागते. संमती मागितली की नाकारण्याचा आणि पुढे परत घेण्याचा हक्कही द्यावा लागतो, आणि ज्या गोष्टीला नकार चालणारच नाही तिथे संमती मागणं ही फसवणूक झाली. ज्या त्या गोष्टीला संमतीचा कागद जोडणाऱ्या सल्लागारांपेक्षा तुमचं हे सांगणं आम्हाला प्रामाणिक वाटतं.

घरकाम करणाऱ्यांच्या आधारच्या झेरॉक्स हा सगळ्यात दुखरा विषय. ओळख पटवायची तर मूळ कार्ड पाहा, चेहरा जुळवा, रजिस्टरमध्ये ‘ओळखपत्र पाहिले’ लिहून तारीख टाका आणि कार्ड परत द्या. प्रत घ्यावीच लागली तर मास्क्ड आधारची घ्या, त्यात फक्त शेवटचे ४ अंक दिसतात. प्रतीवर आडवं लिहा: कुणाला, कशासाठी, कोणत्या तारखेला. ई-आधारच्या पीडीएफला पासवर्ड आहे म्हणून ती ग्रुपवर टाकायला हरकत नाही, हा समज तुम्ही एका वाक्यात मोडलात: पासवर्ड म्हणजे नावाची इंग्रजीतली पहिली ४ अक्षरं आणि जन्मसाल, आणि या दोन्ही गोष्टी संस्थेच्या यादीत शेजारी शेजारी लिहिलेल्या असतात.

संस्थांसाठी तुम्ही लिहिलेल्या पुस्तिकेतलं पुराव्याचं प्रकरण तर प्रत्येक संस्थेच्या ऑफिसात टांगून ठेवावं. त्याचा आधार आपल्याच जालन्यातला खटला. २०१४च्या विधानसभा निवडणुकीत अर्जुन खोतकर २९६ मतांनी निवडून आले. त्यांचा उमेदवारी अर्ज दुपारी ३ची मुदत उलटल्यावर दाखल झाला, असा कैलास गोरंट्याल यांचा दावा होता आणि तो निवडणूक कार्यालयातल्या व्हिडिओ चित्रीकरणावर उभा होता. चित्रीकरण सरकारी, पण प्रत कोणत्या यंत्रातून आणि कशी काढली हे सांगणारं, त्यासोबतचं प्रमाणपत्र अधिकाऱ्यांनी वारंवार मागूनही दिलं नाही. १४ जुलै २०२०ला सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की इलेक्ट्रॉनिक नोंदीची प्रत दाखल करताना प्रमाणपत्र सक्तीचंच. मात्र ते मिळवण्यासाठी शक्य ते सगळं केलेल्या माणसाला दुसऱ्याच्या हातातल्या कागदासाठी अडवता येणार नाही. त्यावरून तुम्ही काढलेला धडा असा: प्रमाणपत्र लेखी मागा, पोच घ्या, पोच जपा.

१ जुलै २०२४पासून हे प्रमाणपत्र भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३खाली द्यायचं असतं. त्याचे दोन भाग आहेत. भाग अ नोंद सादर करणाऱ्याने भरायचा, भाग ब तज्ज्ञाने. दोन्हींत फाईलचं हॅश मूल्य (फाईलवरून काढलेला, तिच्यात जरा बदल झाला तरी बदलणारा जणू बोटाचा ठसा) लिहावं लागतं आणि नेमकी इथेच घोटाळा होतो. सीसीटीव्हीचा डीव्हीआर, म्हणजे चित्रीकरण साठवणारं यंत्र, डिस्क भरली की जुनं चित्रीकरण पुसत नव्याने लिहितो, त्यामुळे घटना घडली त्याच दिवशी प्रत काढायची. त्याआधी डीव्हीआरचं घड्याळ आणि मोबाईलवरची वेळ यांतला फरक कागदावर टिपायचा. ७ मिनिटं पुढे असलेल्या घड्याळाने उलटतपासणीत अख्खी साक्ष डळमळते. प्रत यंत्राच्या मूळ फॉरमॅटमध्येच घ्यायची, स्क्रीनसमोर मोबाईल धरून नाही. लगेच एसएचए-२५६ या पद्धतीने हॅश काढायचा (विंडोजमध्ये त्यासाठी सर्टयुटिल ही आज्ञा आहेच) आणि आलेली ६४ अक्षरं दोघांच्या सह्यांनिशी लिहून ठेवायची. फोटो व्हॉट्सॲपवर नेहमीसारखा पाठवला की त्याची फाईल लहान केली जाते आणि हॅश बदलतो. ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवला तर बदलत नाही. एवढी एक ओळ माहीत नसल्यामुळे चांगला पुरावा वादात सापडतो.

ऑनलाइन फसवणूक झालेल्यांना तुम्ही पहिल्यांदा खुर्चीवर बसवता, पाणी देता आणि १९३० ही सायबर फसवणुकीची हेल्पलाइन लावायला सांगता. हातात चार गोष्टी हव्यात: खाते क्रमांक, रक्कम, वेळ आणि १२ अंकी यूपीआय व्यवहार क्रमांक. ‘कसे फसलात?’ हा प्रश्न त्या टेबलावर कुणी विचारायचा नाही, हा तुमचाच नियम. पैसा एका खात्यातून दुसऱ्यात सरकत असताना त्या प्रश्नात वेळ जातो, आणि माणूस लाजून तक्रारच करत नाही.

एका गोष्टीबद्दल वेगळे आभार मानायला हवेत. पुस्तिकेच्या पहिल्या आवृत्तीत पाहुण्यांच्या ॲपमधली नोंद ३० दिवसांनी पुसा, असं छापलं होतं. नोव्हेंबर २०२५मध्ये डेटा संरक्षण कायद्याचे अंतिम नियम आले. त्यांत माहिती आणि तिच्या हाताळणीच्या नोंदी किमान एक वर्ष ठेवण्याची अट आहे. ती अट तुम्हाला पटलेली नाही, आणि तसं तुम्ही पुस्तिकेत स्पष्ट लिहिलंत. तरी ‘३० दिवस’ खोडून ‘एक वर्ष’ केलंत आणि ज्यांच्याकडे जुनी आवृत्ती होती त्यांना बदललेलं पान स्वखर्चाने पाठवलंत. आपलं मत आणि कायद्याचा मजकूर यांत तुम्ही कधी सरमिसळ करत नाही, म्हणून तुमच्या कागदावर डोळे झाकून सही करता येते. खरं तर डोळे झाकून सही करू नका, असंही तुम्हीच सांगाल.

या कायद्यातल्या बहुतेक जबाबदाऱ्या मे २०२७पासून लागू होतील. तोवर काय करून ठेवायचं याची तुमची यादी ऑफिसच्या भिंतीवर लावली आहे. कपाटं निवडून झाली आहेत, आधारच्या जुन्या झेरॉक्स श्रेडरमधून काढल्या आहेत. ॲपवाल्या कंपनीबरोबरच्या कराराचा मसुदा सोबत जोडला आहे. त्यात करार संपल्यावर माहिती परत देण्याचं आणि पुसल्याचं लेखी कळवण्याचं कलम घातलं आहे. सवडीने नजर घालावी. लाल पेन पाकिटात ठेवलं आहे.

आपले कृतज्ञ,
शनिवारी सकाळी तुमच्या टेबलासमोर रांगेत बसणारे